माझ्या पोटातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी मिठाची डबी आहे आणि आज माझ्यात मीठ नाही.

फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी तौनोने मला ज्युनिपरच्या सुवासिक लाकडातून कोरलं. लग्नाआधीच्या हिवाळ्यात त्याने मला सिल्वीच्या हाती दिलं. झाकण जरा वाकडं बसलं होतं. "माणूसही असाच असेल," असं म्हणून ती हसली होती. पुढे पन्नास वर्षं मी त्यांच्या चुलीशेजारी राहिले. बटाटे उकडायचे तेव्हा दोघांचे हात आधी माझ्याकडे येत. पाहुणे माझं झाकण हुंगून वाखाणणी करत आणि मी फुगून जाई.

मग तौनोचं हृदय थकलं. अंगणापलीकडच्या सौनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत जाताना तो दोनदा थांबायचा. डॉक्टरांनी जुनी गोळी बंद केली, दीड दिवस मधे जाऊ दिला आणि नवी सुरू केली. एका गोळीत दोन औषधं, सकाळी एक, रात्री एक. पाकिटात घडी घातलेला लांबलचक कागद होता. सिल्वीने त्यावर चूल पेटवली.

गोळी गुणी निघाली. वसंतात तळ्याचा बर्फ वितळला तेव्हा तौनो स्वतः नाव वल्हवत जाळं टाकायला गेला. सिल्वी खिडकीत उभी राहून रडली. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

फक्त मीठ कमी करायला सांगितलं होतं. तौनो ताटाकडे बघून कुरकुरायचा, "हे बटाटे आहेत की ओला पुठ्ठा?"

"गप गिळ, म्हाताऱ्या."

पण त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. दुकानात तिला हृदयाचं चित्र असलेली मिठाची पुडी दिसली. तिने ती गुपचूप माझ्यात रिकामी केली आणि म्हणाली, "घे, तुझ्यासाठी एक चिमूट." तौनो खुलला आणि एकाच्या दोन चिमटी घेऊ लागला. ते मीठ वेगळं, जरा कडवट होतं. मला कळत होतं, पण डबीला कोण विचारतो?

नर्स पिर्कोने फोनवर विचारलं, "मीठ कमी केलं ना?"

"बंदच केलं," सिल्वी म्हणाली. हृदयाचं चित्र असलेलं मीठ ती मीठ धरतच नव्हती, म्हणून तिच्या लेखी ते खरंच होतं.

"आणि रक्ततपासणी?"

"जाळी आवरली की येतो," तौनो मागून ओरडला. "रक्त काय पळून जातंय का?"

जून सरताना एका सकाळी त्याला खुर्चीतून उठता येईना. पाय मेल्यासारखे झाले, नाडी मंदावली. दवाखान्यात रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी कोणतं मीठ खाता म्हणून विचारलं, तेव्हा सिल्वी घरी धावली आणि मलाच पिशवीत घालून घेऊन गेली. त्यांनी माझं झाकण उघडलं. "हे पोटॅशियमचं मीठ. तुमच्या गोळीनेही पोटॅशियम वाढतं. दोन्ही एकत्र नको होतं."

खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस तो, पण मीठ त्याला जागलं नाही. आणि ते होतं माझ्याच पोटात.

तौनो वाचला. पलंगावरून तो म्हणाला, "पन्नास वर्षांत एकदा खोटं बोललीस, नर्सशी, तेही बटाट्यासाठी." सिल्वीला हसू आलं नाही. गोळी थांबवावी लागली. पुढे सुरू झाली ती अर्ध्या मात्रेत, आणि तळ्यापर्यंतचा दम काही परत आला नाही. नाव काठावर पालथी पडून आहे.

मित्रांनो, औषधासोबतचा कागद वाचत जा. ताटात काय पडतं तेही डॉक्टरांना सांगा, प्रेमाने वाढलेलं असलं तरी. आता माझ्यात नव्या पाकिटातला तो कागद असतो, आणि मिठाच्या ओळीखाली सिल्वीने पेन्सिलीने रेघ मारली आहे. जेवताना तौनोची बोटं अजून सवयीने माझं झाकण उघडतात. कागदाला लागतात आणि थांबतात. मग तो झाकण हळूच लावतो, सिल्वीला ऐकू जाऊ नये म्हणून.