डाव्या खांद्याचं माप

"माप वाचलं का माणूस दिसलं पायजे, पोरी. नाई दिसलं त् कैची खाली ठेव."

ठमाबाईचा हा आवाज रुखमाच्या कानात तीस वर्षं राहिला आहे. सावली गावच्या बाजारओळीत ठमाबाई कपडे शिवायची. रुखमा तेव्हा सोळा वर्षांची, धीवराच्या घरची, जाळं विणून बोटं तयार झालेली. टेप टाकता टाकता ठमाबाई जात्यावर बसल्यासारखी गुणगुणायची:

दोन खांदे दोन भाऊ, एका मायचे लेकरं
एक उंच एक खाली, माप वेगळं गं धर

पुढं रुखमा लग्न होऊन मूल गावाला आली. नवऱ्याचं, हरिदासचं, राइस मिलच्या रस्त्यावर वेल्डिंगचं आणि गाड्या दुरुस्तीचं दुकान. त्याच टिनाच्या शेडमध्ये एका अंगाला तिनं मशीन मांडली आणि पोलक्यांवरून गाड्यांच्या सीटकव्हरवर आली. माणसं मापायची सुटली, सीटा मापायच्या आल्या. पण कागदावर आकडे पाहिले की त्यावर बसणारा तिला अजूनही दिसायचा. आखूड मांडीचा, पोट सुटलेला, एका कुल्ल्यावर रेलून गाडी हाकणारा. तिचा अंदाज क्वचितच चुकायचा.

सोमवारी शेडमध्ये एक लाल गाडी आली. लहानशी, जुनी, मागची सीट काढून टाकलेली. हरिदासनं ती पार आतल्या कोपऱ्यात लावली आणि वर ताडपत्री घातली. आजवर त्यानं कुठल्या गाडीला ताडपत्री घातलेली रुखमाला आठवेना.

"कोनाची?" तिनं विचारलं.

"चंद्रपूरची पार्टी हाय. रेसिंगचा पट्टा बसवाचा हाय."

"रेसिंग? इथी कोन रेसिंग करते? मूल ते पोंभुर्णा?"

"इथी नाई वं. ट्रॅक रायते, तिकडं कोइमतूरले. पैसे भरले का आपली घरची गाडी तिथं पळवता येते." एवढं बोलून तो ग्राइंडर लावून बसला. त्या आवाजात पुढचं काही विचारायची सोयच राहिली नाही.

शेजारचा पंक्चरवाला मिथुन चहाचा ग्लास घेऊन आला, ताडपत्रीचं टोक उचलून डोकावला आणि रुखमाजवळ येऊन हळूच म्हणाला, "वैनी, मागची सीट काढली म्हंजे पेट्या बराबर बसते. वैनगंगेचा पूल ओलांडला का पल्याडच्या जिल्ह्यात दारूबंदी. भाऊनं लाइन बदलली का काय?"

"तुमच्या तोंडाले कायी हाड?"

"मी कुठी काय म्हनलो? मी त् पेट्या म्हनलो. टमाट्याच्याई पेट्या रायते."

रुखमा हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. दारूचं तिला पटत नव्हतं. हरिदास तंबाखूसुद्धा लपून खाणारा माणूस, त्याच्या हातून असलं व्हायचं नाही. मात्र त्यानं तिच्यापासून काहीतरी दडवलं होतं, एवढं खरं. फोन आला की तो उठून बाहेर कडुनिंबाखाली जायचा. मंगळवारी ती राखेचं टोपलं टाकायला बाहेर गेली, तेव्हा तो पाठमोरा बोलत होता. आवाज इतका मऊ की तिला क्षणभर दुसराच कोणी वाटला.

"तुह्याच मापानं करून राह्यलो. रुतनार नाई. तू फिकर नोको करू."

टोपलं तसंच हातात घेऊन ती परत आली. तुह्याच मापानं. चंद्रपूरच्या पार्टीला कोणी 'तू' म्हणतं का? आणि 'रुतनार नाई' हे असल्या आवाजात?

दुपारी त्यानं नागपूरहून आणवलेली एक सीट तिच्यापुढं ठेवली. दोन्ही बाजूंनी उंच, कुशीत घेतल्यासारखी. वरचं कापड फाटलेलं होतं.

"हिले नवं कव्हर पायजे. अन् पट्टे जाले चिरा ठेवाच्या. दोन खांद्याचे, दोन कमरेचे, अन् खाली पायांच्या मधात एक."

"मधात काऊन?"

"धडक बसली का मानूस पट्ट्याखालून पुढं घसरते. मधातला पट्टा धरून ठेवते." आता तो रंगात आला. "खांद्याचे पट्टे मागं सरळ गेले पायजे. लोकं ते खाली जमिनीले बांधते. मंग धडक बसली का तोच पट्टा खांदे खाली ओढते अन् मनका दाबते. म्हनून मी मागं आडवा दांडा टाकून राह्यलो, बराबर खांद्याच्या उंचीवर. बोल्टाखाली ह्या एवढ्या प्लेटा. अन् कंपनीचा पट्टा काढाचा नाई. रस्त्यावर तो, ट्रॅकवर हा."

रुखमा त्याच्याकडं पाहत राहिली. वीस वर्षं कंपनीचा पट्टा कधी न लावता गाडी चालवणारा हा माणूस. कोणासाठी एवढं शिकला?

मग त्यानं मापाचा कागद दिला आणि फार लगबगीनं बाहेर गेला.

तिनं कागद दोनदा वाचला. बैठकीपासून खांदा एकवीस इंच. कंबर बारीक, नितंब त्यामानानं रुंद. हा पुरुष नव्हता. ही बाई होती. तरणी, सडपातळ, ताठ बसणारी. रुखमाला ती सीटमध्ये बसलेली दिसली, फक्त चेहरा दिसेना. छातीत जाळ्याची गाठ ओढल्यासारखं झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी! ते कडुनिंबाखालचं मऊ बोलणं. मागच्या दोन रविवारी नागपूरला 'सामान' आणायला जाणं. जाताना नवा शर्ट. तो शर्ट तिनंच इस्त्री करून दिला होता.

कैची खाली ठेवावी असं वाटलं. पण ठेवली नाही. त्या बाईचं पुरतं माप तर कळू दे, असं म्हणत तिनं रेक्झिन अंथरलं आणि खडू घेतला. उजव्या खांद्याची चीर आखली. मग कागदावरची शेवटची ओळ पाहिली. ती हरिदासनं दोनदा गिरवून जाड केली होती.

डावा खांदा साडेवीस.

तिनं डावीकडं खूण केली आणि तिचा हात आपसूक बाजूच्या चिंध्यांकडं गेला. हातानंच दुहेरी कापडाची घडी उचलली आणि डाव्या खुणेवर ठेवली. ठेवून झाल्यावर रुखमाला कळलं की हात काय करतो आहे. दोन वर्षं ती हेच करत होती. एका कुर्त्यात, मग दुसऱ्यात, प्रत्येक पोलक्यात डाव्या खांद्याखाली दुहेरी घडी. म्हणजे उतरलेला खांदा लोकांना दिसू नये.

रिना. तिची रिना.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करणारी, महिन्यातून एकदा येणारी. दोन वर्षांपूर्वी हरिदासची गाडी घेऊन चंद्रपूरला जाताना जंगलातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. पट्टा लावलेला नव्हता. डाव्या खांद्याच्या हासळीचं हाड मोडलं, कपाळाला अकरा टाके पडले. दवाखान्यात रुखमानं लेकीला दुखतं का म्हणून विचारलं नव्हतं. पहिला शब्द हाच निघाला होता, "पट्टा काऊन नाई लावला वं?" रिना म्हणाली होती, "विसरली, आई." मग गावानं तेच उगाळलं. आजच्या पोरी, कशाचं ध्यान नाही. रुखमानं तिच्याकडून वचन घेतलं होतं, पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

परक्या बाईची भीती गेली, पण तिच्या जागी आलेली गोष्ट तिच्याहून थंड होती. बापलेक मिळून तिला फसवत होते.

तिनं कव्हर शिवलं. चिरांच्या कडा दुहेरी टिपेनं बांधल्या, डावीकडची तिहेरी. दुसऱ्या दिवशी हरिदासनं सीट गाडीत बसवून बोल्ट आवळले, तेव्हा ती ताडपत्री बाजूला करून सरळ आत जाऊन बसली.

"अवं, तू काय करतं?"

"चिरा बराबर हायेत का पायतो. बांधा मले."

तो घुटमळला. मग त्यानं एकेक पट्टा घेतला. कमरेचे, मधला, खांद्यावरचे. गोल बकलात खट् खट् बसवत गेला. पट्टे ओढले तशी रुखमा सीटला चिकटली. उजवा पट्टा नीट बसला. डावा खांद्यावरून खाली, दंडाकडं घसरला.

"माह्या डाव्या खांद्यावर नाई बसत," ती म्हणाली. "कोनाच्या बसन?"

हरिदासनं बकलावरचा हात काढून घेतला.

"कालपासून मी तुमच्यावर कोनता वहीम घेतला, ठाऊक हाय का? सांगाची लाज वाटते. याच्यापरीस तेच खरं असतं त् बरं होतं. पोरगी मरता मरता वाचली अन् तिले तुमी पुन्हा गाडीत बांधून राह्यले. माह्या हातानं चिरा कापून घेतल्या. काऊन?"

"तिनं मांगितलं."

"तिनं मांगितलं म्हनून? ती त् चंद्र मांगन."

"तिनं मले दोन वर्सांत हे एकच मांगितलं, रुखमे. म्हने, बाबा, तुमीच बसवा, दुसऱ्याचा हात नोको. मी नाई कसं म्हनू?"

"आईसारखं म्हना! नाई म्हना! जी पोरगी एक पट्टा लावाले विसरते, तिले पाच पट्ट्यांचा काय उपेग?"

ती उठायला गेली आणि पट्ट्यांनी तिला परत सीटवर आणलं. बकल फिरवलं की सगळे एकदम सुटतात, हे तिला ठाऊक नव्हतं. हरिदासचा हात बकलापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तो गाडीच्या दारापाशी खाली बसला, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. पलीकडं मिथुन ट्यूबमध्ये हवा भरत होता.

"ती विसरली नोती."

"म्हंजे?"

"पट्टा लावाले जागाच नोती. पट्टा नाई लावला का गाडी पी-पी करते, मले ते सहन नोतं होत. बाजारात चिमटी भेटते, बकलात खुपसली का गाडीले वाटते पट्टा लावला. ते मी खुपसली होती. त्या दिवशी तिचा फोन आला, अन् गाडीपाशी पयला मीच पोचलो. ती रक्तानं भरली होती, अन् मी आधी वाकून ते चिमटी काढली अन् खिशात टाकली. तिनं पायलं मले, रुखमे. डोळे उघडे होते तिचे. पायलं, अन् तुले सांगतलं, विसरली म्हनून."