उजवी बाजू

"हा निळा रंग कुठला गं?"

श्रीधर गाडी आणि कुंपण यांच्यामधल्या बोळात अंग चोरून उकिडवा बसला होता. उजव्या चाकाच्या वर पत्रा आत गेला होता आणि त्यावर निळा ओरखडा उमटला होता. काल सकाळी तो नव्हता.

"तुलाच ठाऊक. गाडी तू चालवतोस," जयंती दारातून म्हणाली. "पुन्हा कुठे घासलीस?"

"मी नाही. कुणीतरी घासून गेलं असेल."

"कुंपणाच्या बाजूने? कोण, मांजर?"

श्रीधर हसला नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं त्याने टिलबर्ग या डच शहरातल्या गोदामांचं सॉफ्टवेअर सांभाळण्यात आणि एकही दंड न भरता गाडी चालवण्यात घालवली होती. दुसऱ्या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. पण गेल्या दिवाळीपासून शनी मागे लागल्यासारखं चाललं होतं. आधी शेजारच्या विमच्या गाडीचा आरसा तुटला, मग ऑफिसच्या पार्किंगमधला खांब आडवा आला, मग सुपरमार्केटबाहेरची ट्रॉल्यांची शेड. आडवे येणार ते, चूक त्यांचीच! दर वेळी श्रीधरने पदरचे पैसे भरून विषय मिटवला. रस्त्यातलं भांडण रस्त्यातच संपवायचं, हे शिक्षण त्याला पुण्यात मिळालं होतं.

आरशाचे पैसे घेताना विम म्हणाला होता, "विमा कंपनीला कळव मात्र. पैसे नको मागूस हवं तर, पण कळव. आम्ही तसंच करतो."

"एवढ्याशा गोष्टीसाठी? उगाच नो-क्लेम बोनस जायचा," श्रीधर म्हणाला होता. आणि घरी येऊन जयंतीला, "हे लोक शिंकले तरी अर्ज भरतील." जयंतीने तिच्या परीने बंदोबस्त केला. गाडीच्या बंपरखाली लिंबू-मिरची बांधली. विमने त्या लिंबू-मिरचीचा कौतुकाने फोटो काढला.

आता मात्र श्रीधर त्या निळ्या रंगाकडे बघत राहिला. गल्लीच्या टोकाला शाळा होती. रस्त्याच्या उजव्या कडेने पोरांच्या सायकली जायच्या. लाल, पिवळ्या, निळ्या.

चहा न घेताच तो बाहेर पडला आणि कालच्या वाटेने उलटा चालू लागला. रस्त्यावर काच दिसते का, कुणाचा बूट पडलाय का, हे बघत. शाळेपाशी एक मुलगी निळ्या सायकलवरून आली. तो तिच्या सायकलकडे इतका वेळ बघत राहिला की तिच्या आईने मध्ये येऊन मुलीला पुढे काढलं. काल आपण इथून गेलो तेव्हा काय दिसलं होतं, हे तो आठवू लागला. काहीच आठवेना. नाट्यगीत लावलं होतं आणि आपण मोठ्याने गात होतो, एवढंच आठवलं.

पुढच्या वळणावर एक म्हातारी कागदाच्या कचऱ्याचा चाकांचा निळा डबा सरळ करायची खटपट करत होती. डब्याची एक कड फाटली होती.

"काल संध्याकाळी कुणीतरी उडवला," ती डचमध्ये म्हणाली. "थांबलासुद्धा नाही."

"मीच तो," श्रीधर म्हणाला. "मला... मला कळलंच नाही."

म्हातारीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा राग ओसरला. "जाऊ दे. डबाच तर आहे. नगरपालिकेकडून नवा मागवता येतो."

श्रीधरने डबा उचलून भिंतीशी लावला. उंचीला तो मघाच्या त्या मुलीएवढा भरला. सुटलो म्हणायला हवं होतं, पण म्हणवेना. तो बसथांब्यावरच्या बाकावर बसला आणि त्याने विमा कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या मुलीने सगळं नीट टिपून घेतलं. मग विचारलं, "याआधी काही? आम्हाला न कळवता तुम्ही स्वतःच भरून दिलेलं नुकसान?"

नाही म्हटलं असतं तर कोण कुत्रं विचारणार होतं! पण आज त्याच्या जिभेला खोटं पेलेना.

"आरसा," तो म्हणाला. "शेजाऱ्याचा."

"गाडीची कुठली बाजू?"

"उजवी."

"पुढे?"

"खांब. उजवी." तो थांबला. "ट्रॉल्यांची शेड. तीही..."

"हॅलो? मिस्टर, ऐकताय ना?"

तो ऐकत होता, पण वडिलांना. मिरजेच्या घरात वडील माजघरातल्या कपाटावर उजवा खांदा आपटायचे आणि ओरडायचे, "कपाट कुणी सरकवलं?" सगळं घर खो-खो हसायचं. नवी सून म्हणून आलेली जयंतीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती. काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कपाट शेवटपर्यंत जागचं हललं नव्हतं.

श्रीधरने तळव्याने डावा डोळा झाकला. बसथांबा, झाडं, म्हातारीचं दार, सगळं होतं. फक्त कुणीतरी कडेकडेने दिवे मालवत आणल्यासारखं होतं. त्याला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

घरी येऊन त्याने गाडीची किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. हाउसआर्ट्सचा, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचा, नंबर जयंतीच्या मोबाइलमध्ये होता.

"जयंती!" त्याने हाक मारली. "अगं जयंती!"

"ओरडतोस काय? इथेच तर आहे."

आवाज अगदी कानाशी आला. त्याने मान पूर्ण वळवली. उजव्या खांद्यालगत ती चहाचा कप पुढे धरून उभी होती. चहावर साय धरली होती.

"कधी आलीस?"

"मघाशीच. तू बसलास तेव्हापासून," ती म्हणाली. "कप धरून उभी आहे, घेशील म्हणून."

श्रीधरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. जयंतीची नजर त्याच्यावरून टेबलावरच्या किल्लीवर गेली आणि तिथून परत त्याच्या उजव्या डोळ्यावर आली. तिचा चेहरा उतरला. मिरजेचं माजघर तिलाही आठवलं असावं.

खुर्चीला मागून वळसा घालून ती डावीकडे आली आणि कप तिथे ठेवला.