थॉर्नबीचा डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे, आणि मित्रांनो, डावा म्हणून मला कुणी कमी लेखलेलं चालत नाही. माझा जोडीदार उजवा अबोल आहे. त्यामुळे दोघांच्या वतीने मीच बोलतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनचा. अस्सल कातडं, हाताची शिवण. लेन थॉर्नबी नावाच्या फुटबॉलपटूने मला विकत घेतलं. लेन बचावपटू होता. गडी उंचापुरा, पण पावलं लहानखुरी. अकरा वर्षं आम्ही दुसऱ्यांचे गोल अडवले. गोल करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, अडवणाऱ्याला कुणी विचारत नाही, याचा मला अजून राग आहे. आमचा फोटो एकदाच छापून आला, तोही लेनला लाल कार्ड मिळालं तेव्हा.

मग लेनचा गुडघा गेला आणि तो मॅनेजर झाला. मॅनेजरला बूट कशाला लागतात? मी गाडीच्या डिकीत धूळ खात पडलो. दोन क्लबांनी त्याला काढून टाकलं. शेवटी आयर्लंडमधल्या मलिंगार गावात महिलांचा एक संघ त्याच्या वाट्याला आला.

ते २०२० साल होतं. महिनोन्महिने सराव कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालला. सामने सुरू झाले आणि पहिले सहा आम्ही हरलो. पुढे संघ सावरला, पण क्लबच्या साहेबांनी लेनला बजावलं, "शेवटचा सामना हरलात तर पुढच्या वर्षी मॅनेजर दुसरा." बरोबरी झाली तरी पुरणार होतं. पण पन्नाशीच्या लेनला तिसऱ्यांदा काढून टाकल्यावर चौथ्यांदा कोण बोलावणार?

त्याची सारी भिस्त अक्षयावर होती. सांगलीची ही मुलगी इथे शिकायला आली आणि इस्पितळात फिजिओ म्हणून राहिली. ती बचावफळीत खेळायची. गुरुवारच्या सरावात तिच्या बुटाचा तळ निघाला. टाळेबंदीमुळे दुकानं बंद. लेनने डिकी उघडून मला तिच्या हातात दिलं. "दोन जोड मोजे घाल," एवढंच तो म्हणाला. मला रडू आवरेना.

अक्षयाकडे तिची आई सुलभाताई सांगलीहून चार आठवड्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्याने आठ महिने अडकल्या होत्या. मला पाहताच त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं पायताण! त्यात ही रोगराई. धुतल्याबिगर पायात घालायचं न्हाई." त्यांनी मला उकळत्या पाण्यात बुडवलं, ब्रशने घासलं आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात, वाळत ठेवलं. सकाळी मी लाकडासारखा कडक.

"आई! लेदर आहे ते! आता मी काय घालू, स्लीपर?" अक्षया रडकुंडीला आली.

सुलभाताईंचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, बाळा. तू कामावर जा. मी बघते काय ते."

थंडीने गोठलेलं खोबरेल त्यांनी गरम पाण्यात बाटली धरून पातळ केलं आणि दिवसभर मला चोळलं. बाळंतिणीच्या लेकरालाही कुणी इतकं चोळत नसेल. संध्याकाळपर्यंत मी मऊ पडलो.

शनिवारी मैदानावर प्रेक्षकांना बंदी होती. सुलभाताई कुंपणाच्या जाळीबाहेर छत्री घेऊन उभ्या राहिल्या. एकही गोल नाही. नव्वदावं मिनिट लागलं. आमची गोलरक्षक पुढे धावली आणि चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. अक्षया चेंडूकडे बघत मागे पळत होती. पाठीमागून सुसाट आलेली समोरच्या संघाची मुलगी तिला दिसलीच नाही. रिकाम्या मैदानात सुलभाताईंचा आवाज घुमला, "अक्षे, मागं बघ! डावीकडनं आली!"

अक्षयाने मान वळवली आणि गोलरेषेवर झेपावत मला चेंडूवर हाणलं. चेंडू कुंपणापलीकडे! माझी कूस टराटरा उसवली, पण खरं सांगतो, तसा आनंद मला अकरा वर्षांत झाला नव्हता. शिट्टी वाजली. बरोबरी! लेनने टोपी हवेत फेकली. त्याची नोकरी वाचली होती.

सोमवारी साहेबांनी त्याला दोन वर्षांचा करार दिला आणि मला काचेच्या कपाटात ठेवायची इच्छा बोलून दाखवली. "तो खेळायचा बूट आहे," लेन म्हणाला.

मित्रांनो, आम्हाला जपा म्हणजे कपाटात कोंडा असं नाही. चिखल पुसा, उन्हाआगीपासून दूर वाळवा, तेलाचं बोट लावा, आणि पुन्हा पायात घाला.

त्या आठवड्यात लेनने माझी कूस स्वतः शिवली. माझ्या जिभेवर आतल्या बाजूला त्याचं नाव होतं, ते त्याने खरवडून काढलं. सुलभाताईंकडून कागदावर अक्षरं लिहून घेतली आणि स्वतःची जीभ बाहेर काढून, शाळकरी पोरासारखी, त्याच जागी एकेक गिरवली. 'क्ष'पाशी तो तीनदा अडला.

आता मी अक्षयाचा बूट आहे.