उंटिणीचं पाणी

"डॉक्टरबाई, तुम्ही दिवसातून किती वेळा लघवीला जाता?"

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं, पण डोकं मिरचीचं, आणि "विचारलास ना, तर मानलं तुला" ही चष्मिशची फोडणी. या दोघी माझ्या मैत्रिणी आहेत, हे मी अजूनही अभिमानानं सांगते.

डॉक्टरबाई आमच्या वर्गात पाहणीसाठी आल्या होत्या. घरात किती माणसं, कोण काय काम करतं, पाणी कुठून येतं, कोणाला कसला आजार, असा लांबलचक फॉर्म त्यांनी आम्हा मुलींकडून भरून घेतला आणि शेवटी म्हणाल्या, "काही शंका?" झालं. बाकाखालून मिरचीचा चिमटा बसला. आणि गेल्या महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्या अंगात जे काही शिरलंय, ते मला उभं करून मोकळं झालं.

वर्गात हशा पिकला. आमच्या बाईंचा चेहरा लालबुंद. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर मोजलं.

"सहा वेळा. कधी सात. आणि तू?"

आता आली का पंचाईत!

"मी... घरी गेल्यावर."

"शाळेत एकदाही नाही?"

"दाराला कडी नाहीये."

"शाळेत लघवीला जाणाऱ्या मुलींनी हात वर करा." एकही हात नाही. "बरं. जावं लागू नये म्हणून शाळेत पाणीच न पिणाऱ्या?" सगळे हात. चष्मिशचे तर दोन्ही.

मग कोणी हसेना.

सोमवारी दाराला कडी लागली, नवीकोरी, चकचकीत. मी दिवसभर अशा तोऱ्यात फिरले, जशी काही ती मीच घडवली होती. तेव्हापासून माझी बाटली मधल्या सुट्टीतच रिकामी होते.

पण डॉक्टरबाईंनी मला निघताना थांबवलं होतं, ते वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्या फॉर्मवर बोट ठेवून. मी लिहिलं होतं, 'आजी किडनीच्या आजारानं गेली. मावशीचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर शुद्ध करतात. आईचं डोकं दुखतं, पाय सुजतात.' आणि 'कारण माहीत असल्यास' याच्यापुढे, 'आमच्यात आहेच ते.' हे वाक्य आईचं. घरात ते इतक्या वेळा बोललं जातं, की मी ते न विचार करता उतरवलं.

"आईला शनिवारी माझ्या दवाखान्यात तपासणीला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "काहीही कर, पण आण."

माझी आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते. एका हॉलमध्ये साठ मशीन, साठ बायका आणि संडास एक. त्याला कुलूप. किल्ली सुपरवायझरबाईंच्या टेबलावर, आणि ती कोणी चुकून घरी नेऊ नये म्हणून वीतभर लांबीच्या लाकडी रिळाला बांधलेली. रीळ उचललं की किल्ली त्यावर खडखडते. ते खडखडतं रीळ हातात धरून अख्खा हॉल पार करायचा. साठ माना वर होतात. त्यामुळे तिथे बायका एकमेकींना काय सांगतात, तर "मी आज रीळ उचललंच नाही!" आणि यात माझ्या आईचा हात कोणी धरू शकत नाही. सकाळी दोन घोट पाणी पिऊन जाते, ती संध्याकाळी घरी येईपर्यंत तशीच. म्हणून तिचं तिथलं नाव उंटीण. ती ते नाव मिरवायची. खरं सांगू, मीही मिरवायचे. मिरचीला मी सांगितलं होतं, "माझी आई आठ तास थांबू शकते!" जशी काही ती शर्यतच होती.

शनिवारी आई आली, पण तोंड वाकडं करून. "मला काय धाड भरलीये? उगाच लोकांचा वेळ खायचा."

डॉक्टरबाईंनी रक्तदाब एकदा मोजला, मग पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजला. लघवी तपासायला छोटी बाटली दिली. आई अर्ध्या तासानं बाहेर आली, तर बाटलीच्या तळाशी जेमतेम बोटभर, तेही कोऱ्या चहाच्या रंगाचं. ती बाटली पदराखाली लपवत होती.

"जळजळ होते?"

"होते अधूनमधून. पण आमच्यात आहेच ते. आईला होतं, बहिणीला आहे, आता मोठ्या जाऊबाईंनाही सुरू झालंय."

मी खुर्चीवरून ताडकन उठले. "थांब थांब. काकूला?"

"हो. का गं?"

"अगं, काकू लग्न होऊन बाबांच्या घरात आली. तुझ्या माहेरचं तिच्यात कुठून शिरलं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"जाऊबाई काम कुठे करतात?"

"माझ्याच मागच्या मशीनवर."

"आणि तुमची आई? बहीण?"

"आई... तिथेच होती. बहीण बटणं लावायची." आईचा आवाज प्रत्येक शब्दाला बारीक होत गेला.

मग मी रिळाची सगळी हकिगत सांगितली. आई मला चिमटे काढत होती, पण मिरचीच्या चिमट्यांची सवय असलेल्या मुलीला त्याचं काय!

"रक्तातून थोडंफार येतं, नाही म्हणत नाही," डॉक्टरबाई आईचा हात हातात घेत म्हणाल्या. "पण मी हे फॉर्म भरत फिरते ना, ते यासाठीच. एक बाई आजारी पडली तर मी गोळी लिहून देते. एकाच हॉलमधली चौथी आजारी दिसली, की विचारावं लागतं, बाई, तिथे संडासाची किल्ली कुणाकडे असते? कारखान्याला मी पत्र लिहीन. पण पत्राला पाय नसतात, त्याला वेळ लागेल. तोवर सात दिवस या गोळ्या, आणि रोज दोन बाटल्या पाणी, कामावर. पुढच्या शनिवारी रक्त तपासू. तुमच्या किडन्या अजून धडधाकट असतील, असं मला वाटतंय. त्या तशाच राहायला हव्यात."

घरी आल्यावर बाबांनी आईसाठी मोठी बाटली शोधून काढली. बाबा रंगारी आहेत. त्यांनी बाटलीवर हौसेनं एक पिवळं फूल रंगवलं, जे भजं दिसत होतं. बाटली रोज संध्याकाळी रिकामी यायची. बाबा खूश, मी खूश. फक्त आईचे पाय होते तसेच सुजलेले. आणि जिन्याच्या पायथ्याशी कुंडीतली कोरफड, जिला कोणी कधी पाणी घालत नाही आणि तरी जी मजेत असते, ती पिवळी पडून लिबलिबीत झाली.

"कोरफडीला कोण पाणी घालतंय?" बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं. "मूळ कुजलंय तिचं."

गुरुवारी कळलं. मी वरच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. आई कामावरून आली, कुंडीपाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि भजंवाली बाटली उलटी केली. सगळीच्या सगळी. मग वर पाहिलं. वर मी.

तिला मी घरात नेलं. बाबा हातांचा रंग पुसत होते, ते पुसायचेच थांबले.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. मी ओरडणार नव्हतेच, मला रडायला येत होतं. "मंगळवारी प्यायले मी अर्धी बाटली. खरंच. उठले, टेबलापर्यंत गेले. सुपरवायझरबाई म्हणाल्या, 'काय उंटीण, आज तुम्हीपण?' सगळ्या हसल्या. मग मी म्हटलं, सुई मोडलीये, नवी द्या. सुई घेतली आणि येऊन बसले. माझी सुई मोडलेलीच नव्हती गं." तिनं पर्समधून कागदात गुंडाळलेली सुई काढून दाखवली. "ते रीळ फार खडखडतं."

बाबा तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "मी दिवसातून पाच वेळा कुठल्याही भिंतीआड जातो," ते हळूच म्हणाले. "मला कधी कोणी नाव ठेवलं नाही. उंट नाही, साधं शेळीसुद्धा नाही."

आई हसली. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.

मला मावशीचा हात आठवला, सुयांनी फुगून निळा पडलेला. आणि मिरचीपुढे मारलेली बढाई आठवली. आठ तास! लाज वाटली. मी उठले. माझी शाळेची बाटली आणली, आईची बाटली आणली, दोन्ही काठोकाठ भरून शेजारी शेजारी ठेवल्या.

"आता हे काय नाटक?" आई म्हणाली. "तुझी सोमवारी धावण्याची शर्यत आहे ना? भरपूर पाणी पी म्हणाल्यात तुझ्या बाई."

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी वक्तृत्वातल्यासारखी ताठ उभी राहून म्हणाले, पण आवाज काही वक्तृत्वातला निघाला नाही. "उद्यापासून मी आईएवढंच पाणी पिणार. ती दोन घोट, तर मी दोन घोट. तिची बाटली रिकामी, तर माझी रिकामी. कोरफडीच्या पोटात गेलेलं मोजणार नाही. शर्यतीच्या दिवशीसुद्धा. उंटिणीची मुलगी आहे मी, मलाही जमेल. तू काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या मागोमाग."