दारात जाऊन बोलावणं

मोबाइलवर इशारा गेला की माणसं उठून निघतात, असा माझा ठाम समज होता. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात बसून मी लोमारू या चिमुकल्या बेटराष्ट्राचा वादळाचा आराखडा केला आणि डिसेंबरच्या सरावात तो सपशेल आपटला. किनाऱ्यावरच्या गावातली चारशे बारा माणसं तीन तासांत टेकडीवरच्या शाळेत पोचायला हवी होती. पोचली एकसष्ट. बाकीची मेसेज वाचून मासे साफ करत बसली.

"खऱ्या वादळात असं झालं तर मला प्रेतं मोजावी लागतील," तिथली आपत्ती अधिकारी सिलिया व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

जानेवारीत मी घरी हळदीकुंकू ठेवलं. ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून चाळीस जणींना बोलावलं. आल्या पाच. मी तिळगुळाच्या ढिगाकडे बघत धुसफुसत होते, तर आलेल्या पाचांतल्या कस्तुरीकाकूंनी मलाच झापलं.

"अगं श्यामला, हळदीकुंकवाला कोणी मेसेजने बोलावतं? दारात जायचं, कुंकू लावायचं, नक्की या म्हणायचं."

"काकू, एकेकीकडे जायला सात-सात राउंडअबाउट, रस्त्यातले गोल चौक आहेत!"

"मग ओलांड की! समोर उभं राहून बोलावलं की नाही म्हणवत नाही कुणाला."

मी तिळगुळाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. इतकी साधी गोष्ट मला कळू नये? माझाच मला राग आला.

सोमवारी आराखडा उलटापालटा केला. इशारा आला की सिलियाची माणसं प्रत्येक वाटेवरच्या, समुद्राजवळच्या शेवटच्या घरी जाणार. त्या घराने शेजारच्या दारात जायचं, त्यांना बरोबर घेऊनच पुढचं दार गाठायचं. असं थेट शाळेपर्यंत.

माझा बॉस राजीव लंडनच्या एजवेअरमध्ये जन्मलेला, मराठीशी त्याचं रोजचं भांडण. "श्यामला, आपण क्लायंटला टेक्नॉलॉजी विकला. शेजारी नाही!"

"विकलीस ना? एकसष्ट आली," मी म्हटलं. त्याने नवा आराखडा सिलियाला पाठवून दिला.

मार्चमध्ये खरंखुरं वादळ लोमारूवर चालून आलं. आम्ही दोघं सँडविच समोर ठेवून सिलियाच्या आकड्यांकडे बघत होतो. दोनशे. साडेतीनशे. चारशे अकरा. मग आकडा हलेचना.

"म्हातारा नावाडी," सिलियाने लिहिलं. "कधीच घर सोडत नाही. शेजारीण दारात उभी आहे. म्हणते, तुम्हाला घेतल्याशिवाय जायची नाही."

राजीव नखं खात होता. वीस मिनिटं गेली. मग फोनच वाजला.

"चारशे बारा!" सिलिया ओरडली. "बारा! कोंबड्या घेऊन आलाय, आणि जेवण कुठेय म्हणून भांडतोय!"

मी खुर्चीवरून उठून नाचले. राजीवने टेबल बडवलं. संध्याकाळपर्यंत कळलं, एकोणीस घरांची छपरं उडाली, माणूस एकही गेला नाही.

ऑफिस सुटल्यावर गाडी काढली, सातही राउंडअबाउट ओलांडले आणि कस्तुरीकाकूंची बेल दाबली. सगळं ऐकून त्यांनी पदराने डोळे पुसले.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आलीस? मेसेज करायचास की गं!"

"नाही काकू," मी म्हटलं आणि त्यांना घट्ट मिठी मारली. "हे सांगायला दारातच यायला हवं होतं."