तोकीबाईंचा गुडघा

"छिद्र पाडण्याआधी एकदा हात थांबव. डोळे मीट. मग पुन्हा बघ."

देवघरातल्या वाटीत ताजा भात वाढता वाढता शिओरीचा हात थांबला. हिरासावा सर जाऊन चार वर्षे झाली, तरी त्यांचा आवाज तसाच कानाशी येई. थोडा घोगरा, घाई नसलेला. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तो आला की पूर्वी तिला आधार वाटे. अलीकडे तो भात वाढताना येई, जिना उतरताना येई, आणि नकोसा वाटे. आईवडिलांच्या तसबिरींशेजारी तिने सरांचीही तसबीर ठेवली होती. वाफाळती वाटी पुढे सरकवून तिने घंटी वाजवली, हात जोडले. वर मात्र पाहिले नाही.

आज दुपारी कानाझावा शहरात तिला सरांच्याच नावाचा संशोधन पुरस्कार मिळणार होता, आणि सोबत परदेशातली वर्षभराची अभ्यासवृत्ती. खेळाडूच्या गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध नव्याने बसवताना मांडीच्या हाडात छिद्र नेमके कुठे पाडावे, हे तिने देहदान केलेल्यांच्या गुडघ्यांवर शोधून काढले होते. विमान परवाचे होते.

एक गुडघा मात्र तिने अभ्यासात धरला नव्हता. आधी शस्त्रक्रिया झालेला गुडघा धरायचा नाही, असा नियमच होता. पण शीतगृहातून तो बाहेर आला तेव्हा तिने त्याला ओळखले. नाव कुणी सांगितले नव्हते. तो वाकडा, रुंद व्रण पुरेसा होता.

तोकीबाई तिच्या जुन्या रुग्ण. तरुणपणी कापडगिरणीच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायच्या. त्यांचा अस्थिबंध सरांनी बसवला होता, तेव्हा सर अगदी नवखे. वर्ष सरायच्या आत तो पुन्हा तुटला. खेळ सुटला, पाठोपाठ गिरणी सुटली, हातात काठी आली.

"चूक माझीच," तपासणीच्या खाटेवर पाय लोंबकळवत तोकीबाई सांगायच्या. "इतक्यात उडी मारू नकोस म्हणून सरांनी बजावलं होतं. मी आणि गिरणीतली माझी मैत्रीण नोबू जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे पळायचो. ती चेंडू उचलून द्यायची, मी हाणायची. ती अजून रडते त्यावरून. मी म्हणते, बये, उडी मी मारली आणि रडतेस तू!"

शेवटच्या दुखण्यात, देहदानाचे सगळे ठरल्यावर, त्यांनी शिओरीचा हात धरला होता.

"गुडघा उघडाल तेव्हा नीट बघा हं, डॉक्टरीणबाई. उडीनंच तुटला की आणखी कशानं, ते मला कळायला हवं."

"तुम्ही कशा ऐकाल तेव्हा?"

"मग नोबूला सांगा. आणि मोठ्यानं सांगा, तिला ऐकू कमी येतं. तुम्हाला पुटपुटायची खोड आहे. कबूल?"

"कबूल," शिओरी हसून म्हणाली होती.

म्हणून अभ्यासाबाहेरचा तो गुडघाही तिने उघडला. हाडातले छिद्र बोटाच्या पेराएवढे पुढे पडले होते. अशा जागी बसवलेला अस्थिबंध पाय वाकला की ताणला जाणार, जिना उतरतानासुद्धा आज ना उद्या तुटणारच. उडीचा दोष नव्हता. त्या काळी ही चूक पुष्कळांच्या हातून होई. पण हा हात सरांचा होता, आणि त्याच हाताने शिओरीला घडवले होते. तिने गुडघ्याला नमस्कार केला, पांढऱ्या कापडात गुंडाळून तो जागेवर ठेवला, आणि हे कुणालाच सांगितले नाही.

गेल्या महिन्यात देहदात्यांची स्मरणसभा झाली. तोकीबाईंच्या मागे कुणी नव्हते; अस्थी न्यायला नोबूबाई आल्या. त्सुरुगा गावात त्यांचे समुद्री शेवाळाचे दुकान. अंगाला त्याचाच खारट वास. कलश छातीशी घट्ट धरून त्या शिओरीपुढे कमरेत वाकल्या.

"या पायाची माती मी केली हो. तुमच्या तरी काही उपयोगी पडला का?"

"फार उपयोगी पडला. पण त्यात तुमचा..." शिओरी पुटपुटली.

"काय म्हणालात?" नोबूबाईंनी कान पुढे केला.

शिओरीने नुसतीच मान लववली. तो पुढे आलेला कान त्या दिवसापासून तिच्यासमोरून हलला नव्हता.

समारंभाच्या सभागृहात सरांच्या मोठ्या तसबिरीभोवती पांढरी शेवंती रचली होती. आतल्या खोलीत सरांच्या पत्नीने तिला शेजारी बसवून घेतले, स्वतः चहा ओतला.

"आज त्यांचं ते वाक्य म्हणणार असाल ना? सगळेच म्हणतात." बाईंनी पेला हातात फिरवला. "लग्न झालं तेव्हा असलं काही म्हणत नसत. एकदम धडाधड काम. नंतर लागली ती सवय."

"कशामुळे?"

"बोलले नाहीत कधी. टीव्हीवर व्हॉलीबॉल लागलं की मात्र उठून बंद करायचे. आमची मुलगी शाळेत खेळायची, तिचा एक सामना बघितला नाही. पोर रुसायची. मी म्हणायची, असते एकेकाला नावड. पण नावड असलेला माणूस, ती घरी आली की चपला काढायच्या आत 'कुणी पडलं तर नाही ना?' असं विचारतो का हो?"

शिओरीच्या हातातला चहा तसाच निवत गेला.

व्यासपीठावर तिने मानपत्र घेतले, वाकून नमस्कार केला. सगळे त्या वाक्याची वाट पाहत होते.

"छिद्र पाडण्याआधी एकदा हात थांबव," ती म्हणाली. "डोळे मीट." आणि तिने डोळे मिटले. पुढचे शब्द आले नाहीत. सभागृहाला वाटले, गहिवरून आले. टाळ्या पडल्या. डोळे उघडले तेव्हा तिने मान वर करून तसबिरीकडे नीट पाहिले. सर तिला वाटले होते त्याहून थकलेले दिसत होते.

कोट चढवून ती निघाली तसे अध्यक्ष आडवे आले.

"अहो, कुठे चाललात? खेकडे मागवलेत! सत्कारमूर्तीच पळाली तर ते काय आम्ही आमच्याच नावानं फोडायचे?"

"फोडा, सर. माझं एक काम राहिलंय. परवा निघायच्या आत करायलाच हवं."

दाराशी सरांच्या पत्नी छत्री घेऊन उभ्या होत्या. बाहेर गारा पडत होत्या.

"ही न्या. आणि सावकाश जा, रस्ता निसरडा झालाय." छत्री हातात देऊनही त्यांनी मूठ सोडली नाही. "त्यांना माझाही नमस्कार सांगा. यांना कधी जायला जमलं नाही."

कुणाकडे जायचे आहे, हे शिओरीने कुणालाच सांगितले नव्हते.

तिने मागे वळून शेवंतीतल्या तसबिरीला हात जोडले. "येते, सर." कानाशी काहीच आले नाही.

त्सुरुगाची गाडी पकडायला निघालेली ती स्टेशनच्या रस्त्याला एकटीच होती. "नोबूबाई, तुमच्या चेंडूनं काही झालं नाही," ती म्हणाली. छत्रीवरच्या गारांत तिचे तिलाच ऐकू आले नाही. ती थांबली, आणि पुन्हा म्हणाली, मोठ्याने.