दोन डाव्या बाह्या

"आजी, बाईसाहेबांचा हात मागे चाललाय."

बाईसाहेब म्हणजे भिंगरीची बाहुली. वीतभर उंची, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, पण तोरा असा की साऱ्या घरानं तिच्या तैनातीला राहावं. अंगात नवा करडा कोट होता. कोटाचा डावा हात ऐटीत पुढे आला होता आणि उजवा मात्र कुणी मुरगळून धरावा तसा पाठीकडे वळला होता.

आजीनं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. कोट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"दोन्ही डाव्याच कापल्यात की गं मी!"

भिंगरी पोट धरून हसली. आजीही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. तीन दिवस खपून शिवलेला कोट होता तो, आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

आजीनं कपड्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं काढली होती. तिथं एक शर्ट चाळीस जणी मिळून शिवत. कॉलर एकीची, खिसा दुसरीचा, काजं तिसरीची. आजीच्या वाट्याला पहिल्या दिवशी डावी बाही आली आणि शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहिली. पलीकडच्या मशीनवर उजव्या बाहीवाली बसे. कारखान्यात यांची खरी नावं कुणी घेत नसे. एक 'डावी' आणि एक 'उजवी', बस्स. डावी बाही ती डोळे मिटून लावी, गप्पा मारत लावी, तापानं फणफणलेली असताना लावी. पण अख्खा कपडा, गळ्यापासून खालच्या दुमडीपर्यंत, तिच्या हातून जन्मात झाला नव्हता. ही गोष्ट तिनं पोटच्या लेकीलाही सांगितली नव्हती. "तुम्हाला काय, शिवणकामात हात धरणारं कोण आहे?" असं शेजारणी म्हणत, आणि ती मान खाली घालून चहाचं भांडं विसळत बसे.

कारखाना बंद झाला आणि या सुट्टीत भिंगरी दुपारची आजीकडे येऊ लागली. लेक दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे. जाता जाता ती पोरीला सोडायची आणि रोज उंबऱ्यातूनच बजावायची, "आई, हिची पिशवी सोडू नकोस हं."

ही पिशवी भिंगरीच्या डाव्या हाताला होती. निळ्या दुहेरी कापडाची, मनगटाशी नाडीनं आवळलेली. पोरगी डावखुरी. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात, दार उघडायचं तरी डाव्याच हातानं. तिच्या वडिलांची आई, म्हणजे आजीच्या विहीणबाई आणि भिंगरीची 'मोठी आजी', घरी शिवणाचे वर्ग घेत. डाव्या हाताची सवय मोडावी म्हणून त्यांनी हाताचं माप घेऊन ही पिशवी शिवली होती. शिवण मात्र नाव ठेवायला जागा नाही अशी! मुंगी शिरणार नाही इतकी बारीक टीप. आजीला त्या टिपेचाच जास्त राग येई.

पहिल्या दिवशी तिनं लेकीला विचारलं होतं, "हाताला कोंडून ठेवायला त्यानं काय गुन्हा केलाय?"

"आई, मला त्या घरात राहायचंय," लेक खालच्या आवाजात म्हणाली होती. "तू दोन घटका सोडशील, पण बोलणी मला खावी लागतील. आणि त्यांनी उद्या हिला इकडे पाठवायचंच बंद केलं तर?"

या शेवटच्या वाक्यावर आजीनं नाडी होती तशीच राहू दिली होती. रिकाम्या घरात दुपार कशी अंगावर येते हे तिला ठाऊक होतं.

करडं कापड संपलं होतं, म्हणून आता तिनं चुकीची बाही उसवली आणि तीच फिरवून पुन्हा लावायला घेतली. हाताला एकच वाट ठाऊक. पुढून सुरुवात, खांद्यावरून वळण, मागे शेवट. उजव्या बाजूला तीच वाट धरली की बाही पाठमोरी बसे. दुसऱ्यांदा उसवली. तिसऱ्यांदा उसवली तेव्हा कापडाच्या कडा पिंजून सुतं निघाली आणि बाही कामातून गेली.

"मी लावू?" भिंगरीनं विचारलं.

"लाव बाई. माझ्या हातात काही राम राहिला नाही."

भिंगरीनं उजव्या हातात सुई धरली. कोटाच्या कडेला चार टाके घातले. एक वर गेला, एक खाली, तिसरा कुठं गेला कळेना आणि चौथा थेट तिच्याच बोटात रुतला. रडली नाही. बोट तोंडात घालून म्हणाली, "या हाताला येत नाही गं. त्याला येतं." आणि पिशवीकडे पाहिलं.

आजीनं नाडीची गाठ सोडली.

आत पोरीची बोटं पांढुरकी पडली होती. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी टोकं सुरकुतली होती. ती तिनं एकेक करून उघडमीट करून पाहिली, आहेत ना सगळी, अशी. आजीला असा काही संताप आला की तेवीस वर्षांत सुपरवायझरला न ऐकवलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. पण समोर आठ वर्षांची पोर होती. आजीनं ते गिळलं आणि कात्री उचलली.

"कापड चांगलं आहे गं हे," ती पिशवी उलगडत म्हणाली. "यातून एक बाही आरामात निघेल."

भिंगरीचे डोळे विस्फारले. "मोठी आजी रागवेल."

"रागवू दे. तिचा राग माझ्या नावावर लिही. बाहीचा कागदी नमुना दे इकडे."

"तसा नाही, पालथा ठेव," भिंगरी म्हणाली. "नाहीतर परत डावीच होईल."

आजी बघतच राहिली. पालथा! एवढीशी गोष्ट. पण तिच्यापाशी नेहमी कापलेले तुकडेच येत. कापताना कुणी काय पालथं घालतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग दोघी समोरासमोर बसल्या. आजीनं आधीची डावी बाही उसवली, भिंगरीला दाखवण्यासाठी पुन्हा लावायला घेतली. इकडे तिनं टाका घातला की तिकडे भिंगरी उजव्या बाहीला घाले. आजीची सुई उजवीकडून डावीकडे चाले, भिंगरीची डावीकडून उजवीकडे. आरशात पाहावं तसं सगळं जुळत गेलं.

"आजी, तू उलटी शिवतेस."

"मी उलटी? तू उलटी!"

"तू!"

"बरं बाई, मी. पण खांद्यावर आलीस की हात सैल सोड. ओढलंस की चुणी पडते."

पुढचे तीन दिवस पिशवीशिवाय गेले. लेकीनं पहिल्याच संध्याकाळी मोकळा हात पाहिला आणि तो उलटसुलट करून बघितला. शेवटी, "पिशवी धुवायला टाकलीय म्हणून घरी मी सांगते, पण किती दिवस लपणार?" एवढंच म्हणाली.

ते शनिवारपर्यंतच लपलं. शनिवारी लेकीऐवजी विहीणबाई स्वतः न्यायला आल्या. आल्या त्या पाणीही न घेता बाहुलीकडे वळल्या. शिवणारा माणूस कपडा आधी आतून बघतो. त्यांनी कोट उलटा केला, डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला, मग उजव्या खांद्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"उजवी बाही सुरेख बसलीय," त्या म्हणाल्या. "एक चुणी नाही. डावीपेक्षा सरस. मानलं तुम्हाला, विहीणबाई."

"ती हिनं लावलीय."

विहीणबाईंचा अंगठा थांबला. "कुठल्या हातानं?"

"ज्या हाताला येतं त्या हातानं."

आता त्यांनी कापड ओळखलं. स्वतःची टीप ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, आणि बाहीच्या कडेला ती बोटभर शिल्लक होती.

"माझी पिशवी कापलीत?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी काय पोरीच्या वाईटावर आहे? मशीनचं चाक उजवीकडे असतं. कात्रीची धार उजव्या हाताची. माझ्याकडे डावखुऱ्या पोरी येतात आणि महिन्याभरात रडत परत जातात. हे मी डोळ्यांनी बघते. तुम्हाला हे कळायला हवं होतं, तुम्ही तर इतकी वर्षं शिवणात काढलीत."

आजी उभी राहिली. ज्या बाईला हे कधी कळू नये असं तिला वाटत होतं, तीच समोर होती.

"मला शिवता येत नाही, विहीणबाई."

"काय?"

"शिवता येत नाही. डावी बाही तेवढी येते. तेवीस वर्षं मला त्याच एका बाहीवर बसवलं, कारण लाइनीला तसं सोयीचं होतं. बाकीचं माझ्या हाताला कधी शिकूच दिलं नाही कुणी. हा कोट माझा पहिला, आणि त्यातही अर्धा हिचा." तिनं कोटाच्या निळ्या बाहीवर बोट ठेवलं. "जगाची सोय बघून एक हात वाया गेला घरातला. दुसरा जाऊ देणार नाही."

विहीणबाईंनी कोट सुलटा केला, नीट बटणं लावली आणि बाहुली भिंगरीकडे दिली.

"सोमवारपासून ही माझ्यापाशीच बसेल," त्या म्हणाल्या. "इकडे यायची गरज नाही."

आजीनं भिंगरीच्या चपला दाराशी नीट लावून ठेवल्या.

"न्या. नात तुमचीही आहे. पण पिशव्या शिवणार असाल तर शिवत राहा. जेव्हा केव्हा पोर माझ्याकडे येईल, तेव्हा मी त्यांच्या बाह्या करत राहीन. बाईसाहेबांना कपडे कमी पडायचे नाहीत."

भिंगरीनं दोघींकडे पाहिलं. चपला घातल्या, आजीच्या कमरेला एकदा घट्ट मिठी मारली आणि जिना उतरली.

आजी गॅलरीत आली. खाली रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. विहीणबाई कडेला थांबल्या आणि पोरीचा उजवा हात धरायला त्यांनी आपला हात पुढे केला. भिंगरीनं बाहुली डाव्या काखेतून काढून उजव्या काखेत मारली. विहीणबाईंना पाठीमागून वळसा घालून ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनं डावा हात वर केला.

विहीणबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. एक ट्रक गेला, मागून दोन मोटारी गेल्या. भिंगरीचा हात तसाच वर होता. वर गॅलरीत आजीनं कठडा गच्च धरला होता. ती हाक मारणार नव्हती, आणि आतही जाणार नव्हती.

मग रस्ता जरासा मोकळा झाला. विहीणबाईंनी तो डावा हात धरला आणि दोघी पलीकडे गेल्या.